बावीस इंची

"पाय टेक बरं बेटा. टेक, टेक. मी धरेल शे."

मोतीलाल मिस्तरीने एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने हँडल धरून ठेवलं होतं. सायकलीवर बसलेल्या एस्तेरने डावा पाय खाली सोडला, कंबर वाकडी केली, अंगठा ताणून पाहिला. अंगठा जमिनीपासून चार बोटं वरच राहिला. सीट आणखी खाली घ्यायला जागा नव्हती. सीटचा दांडा नळीत पार बुडाला होता.

"आता हात लाव मुठीले."

तिने दोन्ही हात लांब केले. कोपरं ताठ झाली, खांदे पुढे ओढले गेले आणि ती सीटवरून घसरून सीटच्या टोकाशी आली. बोटं हँडलच्या मुठीभोवती कशीबशी वळली, पण ब्रेकच्या कांडीपर्यंत पोचली नाहीत. तरी तिचा चेहरा फुलला होता. उंबरपाड्याहून सात किलोमीटर चालत हायस्कुलात येणाऱ्या पोरीला नवीकोरी सायकल मिळत होती. ती मोठी का लहान, हे बघायला तिला सवड नव्हती.

शाळेच्या पटांगणात अशा पंचेचाळीस सायकली उभ्या होत्या. सरकारी योजनेतून आलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या, बावीस इंची. सुट्या भागांत आलेल्या त्या सायकली मोतीलालने पाच दिवस बसून जोडल्या होत्या. आमराई फाट्यावर, शाळेच्या अलीकडेच, त्याचं दुकान होतं. तापीकाठच्या गावात तीन भावांत वाटून उरलेल्या जमिनीवर भागेना, म्हणून तो नंदुरबारला सायकलचं काम शिकला आणि तिथून इकडे नवापूरच्या डोंगराळ भागात येऊन बसला, त्यालाही एकतीस वर्षं झाली होती. माणसाला नुसतं सायकलीवर बसलेलं पाहून तो सांगायचा, याची सीट दोन बोटं वर हवी, याचं हँडल जवळ हवं. लोक हसायचे. पण त्याने ठाकठीक करून दिलेली सायकल घेऊन गेले की आठ दिवसांनी येऊन म्हणायचे, मिस्तरी, पाठ दुखायची थांबली.

त्याने एस्तेरला उतरवलं आणि तो शाळेच्या बाबूकडे, चुनीलालकडे गेला.

"चुनीलालभाऊ, ह्या लहान पोरीस्ले ही सायकल नही चालाव. पाय पोचस नही ते एक, पण हात पोचस नही ते वाईट शे. ताठ हाते सायकल वळत नही. अंग हाललं की हँडल हालस."

चुनीलालच्या हातात कागदांचा गठ्ठा होता आणि कपाळावर घाम. "मोतीदादा, आते माप कोठे काढत बसशात? दोन वाजता कार्यक्रम शे. पाहुणा येई ऱ्हायनात." त्याने एक कागद पुढे केला. "सही करी द्या. दोन वरीसमा पोरी वाढी जातीन. सायकल तेवढीच ऱ्हाई."

कागदावर लिहिलं होतं की सर्व सायकली तपासल्या असून त्या वापरासाठी योग्य आहेत.

मोतीलालने तो दोनदा वाचला. मग त्याने एकवार पटांगणाकडे पाहिलं. पोरी आपापल्या सायकलींवरून हात फिरवत होत्या, कुणी घंटी वाजवत होती. एका सायकलीला कुणीतरी लाल रिबिनही बांधली होती. आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की यातल्या लहान चणीच्या सोळा पोरींच्या सायकली परत घ्या? त्याने सही केली.

घरी आल्यावर त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली. जसोदाबाई भाकरी थापत होती. ती थापायची थांबली.

"तुम्हले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मंग सही कसाले कयी?"

तो हातपाय धुवायला गेला.

पोरी शिकल्या. पोरी शिकतातच. सीटवर न बसता उभ्या उभ्या चालवायच्या, थांबायचं असलं की उडी मारायच्या, चढायचं असलं की मैलाच्या दगडाला सायकल टेकवायच्या. सकाळी सव्वानऊच्या सुमारास त्यांची रांग दुकानावरून जायची आणि मोतीलाल हातातलं काम सोडून प्रत्येकीचे हात बघायचा. एस्तेर रांगेत तिसरी-चौथी असायची. सगळ्यांत लहान चणीची, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. जाता जाता घंटी वाजवायची.

दिवाळीनंतर एकदा ती शाळा सुटल्यावर दुकानाशी थांबली. त्याच्याशी बोलताना ती शाळेत शिकलेली मराठी बोलायची, पुस्तकातल्यासारखी.

"काका, उतारावर हँडल थरथरते. फरशीच्या उतारावर. पुष्कळ थरथरते."

फाटा आणि उंबरपाडा यांच्यामध्ये एक नाला होता आणि नाल्यावर ठेंगणा फरशी पूल. पाड्याकडून येताना पुलाच्या आधी लांब उतार लागायचा. मोतीलालने सायकल उलटी केली. पुढचं चाक फिरवून पाहिलं, आऱ्या चाचपल्या, चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वाट्या आणि छर्रे उघडून पाहिले. काही ढिलं नव्हतं. मग तो स्वतः सायकलीवर बसला आणि एस्तेरला कॅरिअरवर न घेता, एकटाच फरशीपर्यंत गेला. समोरचा चढ चढला आणि उतारावर सायकल सोडून दिली. सायकल सुतासारखी सरळ आली. त्याने एक हात सोडून पाहिला. तरी सरळ.

परत येताना त्याला सगळं कळलं होतं. त्याची कोपरं सैल होती, अंग सीटवर भरलेलं होतं, चाकाला बसलेला धक्का हातातच जिरत होता. त्या पोरीचे हात काठीसारखे ताठ. खड्ड्याचा धक्का चाकातून खांद्यात जाणार, खांद्यातून पुन्हा चाकात येणार आणि उतारावर तो वाढतच जाणार. सायकलीत दोष नव्हता. पोरीतही नव्हता. दोघींच्या मधल्या अंतरात होता.

त्याने हँडल थोडं मागे वळवून दिलं. ब्रेकची कांडी मुठीजवळ वाकवून दिली.

"उताराले उतरी जात जा बेटा. हाते धरीसन चाल."

"सगळ्या मुली पुढे जातात, काका."

"जाऊ दे. तू चालत जा."

ती हो म्हणाली. मोतीलालला तिच्या ‘हो’चा अर्थ समजत होता. तेरा वर्षांची पोर, सकाळची वेळ, पुढे मैत्रिणींचा आवाज. ती उतरणार नव्हती. तरी तिला सायकल देऊन तो पुढच्या पंक्चरला लागला.

डिसेंबरच्या सतरा तारखेला रांग आली नाही. साडेनऊला एक पोरगी एकटीच, सायकल टाकून, धावत आली. तिला बोलता येत नव्हतं, ती नुसती मागे बोट दाखवत होती. मोतीलाल जीपवाल्याला घेऊन फरशीवर पोचला, तेव्हा एस्तेर खाली नाल्यातल्या कोरड्या दगडांवर होती. पुलाच्या कडेच्या दगडाला पुढचं चाक धडकलं होतं. हँडल आडवं झालं होतं. पोरी सांगत होत्या की ती ओरडत होती, थांबत नाही, थांबत नाही.

चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिचं डोकं मोतीलालच्या मांडीवर होतं. रस्त्यातच तिचा श्वास थांबला. डॉक्टरांनी तरी बराच वेळ प्रयत्न केले. दुपारी तिचा बाप दावीद आला. तो ऊसतोडीला गुजरातेत जायच्या तयारीत होता, निघायला दोन दिवस होते. त्याने मोतीलालच्या कपड्यांवरचं रक्त पाहिलं आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"तू लई आना तिले," तो म्हणाला. "तुन्हा उपकार."

त्या हातांतून आपले हात सोडवून घेणं मोतीलालला जमेना.

जानेवारीत जिल्ह्याहून चौकशीला साहेब आले. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलापलीकडे साहेब, बाजूला लिहायला चुनीलाल. मोतीलाल सही केलेल्या कागदाचा माणूस म्हणून समोर उभा. आत बोलावण्याआधी चुनीलालने त्याला व्हरांड्यात गाठलं होतं. "मोतीदादा, फक्त एवढंच सांगा, सायकल चांगली व्हती. बाकी काही बोलू नका. तुम्हीबी सुटशात, आम्हीबी सुटसूत."

साहेबांनी विचारलं, "ब्रेक तुम्हीच जोडले होते?"

"हो साहेब."

"नीट होते?"

"नीट होते."

"चाक, हँडल?"

"सगळं नीट होतं साहेब." कचेरीतली मराठी बोलताना मोतीलालची जीभ अडखळायची. तरी तो बोलला. रात्रंदिवस मनात घोळवलेलं बोलला. "सायकल चांगली होती. पण ती त्या पोरीच्या मापाची नव्हती. हँडल लांब पडत होतं. ताठ हाताने उतारावर चाक डगमगतं. ब्रेकला बोटं पोचत नव्हती. मला हे पहिल्या दिवशी माहीत होतं. मी सही केली, ती माझी चूक आहे. अजून पंधरा पोरी तशाच चालवतायत साहेब. त्यांच्या सायकली बदला."

चुनीलालचं पेन थांबलं. साहेब मागे टेकले.

"सायकल ठरलेल्या मापाचीच आहे. मी कागद पाहिलेत."

"हो साहेब. पण पोर..."

"म्हणजे मुलीची उंची कमी होती."

"उंची तिच्या वयाची होती साहेब. आमच्या इकडच्या पोरी..."

"कमी होती की नव्हती?"

चार बोटं वर राहिलेला अंगठा मोतीलालला दिसला. "सायकलीला कमी होती," तो म्हणाला.

साहेबांनी चुनीलालला मजकूर सांगितला. सायकल सुस्थितीत होती. मुलीची उंची कमी असल्याने व वेग न आवरल्याने तिचा तोल गेला. बाकीच्या पंधरा पोरींचा उल्लेख नव्हता. कागद मोतीलालसमोर आला.

"मी असं नाही म्हटलं साहेब."

"तुम्ही म्हटलेलंच लिहिलंय. उंची कमी होती, म्हणालात ना?" साहेब आवाज न चढवता बोलत होते. त्यांना अजून तळोद्याला जायचं होतं. "सही नको असेल तर तुमच्यावर स्वतंत्र नोंद करावी लागेल. जोडणी तुमची होती."

मोतीलालने पेन घेतलं. आपला हात सही करताना तो परक्याचा हात पाहावा तसा पाहत राहिला.

जसोदाबाईला त्याने सांगितलं नाही. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि पाण्याचा तांब्या समोर ठेवला. "परत सही करी उनात," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

त्या पंधरा पोरींना त्याने एकेक करून दुकानात थांबवायला सुरुवात केली. कुणाची सीट पुढे सरकवली, कुणाच्या कांड्या वाकवल्या, सगळ्यांना बजावलं की उतारावर उतरायचंच. पण काही आया पोरींना त्याच्या दुकानाशी थांबू देईनात. ज्याने जोडलेल्या सायकलीवरून पोर गेली, त्याच्याकडे कशाला थांबायचं. त्यांचं चूक नव्हतं. गिऱ्हाइकंही कमी झाली. कधी कधी तो दिवसभर एकच चाक समोर धरून बसे, आधीच सरळ असलेलं चाक पुन्हा पुन्हा फिरवून पाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी, सकाळी दहाच्या सुमाराला दावीद आला. तो एस्तेरची सायकल हाताने ढकलत होता. मागून एक मुलगी येत होती. मोतीलालने तिला दवाखान्यात आईच्या पदराला धरून उभं राहिलेलं पाहिलं होतं. प्रिस्किला. एस्तेरची बहीण, तिच्याहून दीड वर्षाने लहान आणि चणीने त्याहून लहान.

"ही आते आठवीले जाई," दावीद म्हणाला. त्याने सायकल दुकानाच्या खांबाला टेकवली. "या वरीस सायकली येतीन का नही, कोणी सांगत नही. पोलिसस्नी ही परत दिधी. हिच्या मापनी करी दे."

मोतीलाल खाली बसला. सायकलीला हात लावायला त्याला बराच वेळ लागला. पुढचा चिमटा मागे वाकला होता आणि कुणीतरी तो झाडाच्या बेचक्यात घालून सरळ करायचा प्रयत्न केला होता. त्याने नखाने हँडलखालच्या तिरप्या नळीवर रंग खरवडला. तिथे लोखंडाला बारीक सुरकुती पडली होती.

"बस इठे, दावीद," तो म्हणाला. "करी देखस."

तो दुपारपर्यंत राबला. दुसऱ्या एका सायकलीचा चांगला चिमटा काढून बसवला. हँडल पुरं मागे वळवलं. छोटी सीट टाकून ती पुढे सरकवली. मग प्रिस्किलाला बसवून स्वतः सीट धरून दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर धावू लागला. पोरीने पायडल मारलं. सीट पुढे आल्यामुळे तिचे गुडघे वर येऊन हँडलला लागत होते. त्याने सीट मागे घेतली, तर हात लांब पडले. हँडल आणखी जवळ ओढलं, तर ते इतकं मागे आलं की बोटाच्या धक्क्यानेही चाक उडी मारून वळत होतं. नळी दबल्यामुळे पुढचं चाक आत आलं होतं. वळताना पोरीच्या चपलेचं टोक मडगार्डला घासलं, ती घाबरली आणि सायकल त्याच्या अंगावर आली. एक गोष्ट नीट करावी, तर ती दुसरीकडे बिघाड काढत होती. त्याने पुन्हा खोललं. पुन्हा जोडलं. त्याच्या शर्टातून घाम गळत होता, हाताची साल निघाली होती. दावीद खांबाला टेकून उकिडवा बसून बघत होता.

चौथ्या खेपेला प्रिस्किला म्हणाली, "काका, मी हळू चालवीन."

मोतीलालने सायकल थांबवली. पोरीला काखेत धरून खाली उतरवलं आणि सायकल पुन्हा खांबाला टेकवली. पाना ठेवला आणि दावीदसमोर जाऊन बसला.

"ही हिन्ही व्हवाव नही, दावीद. काहीबी करा तरी. सांगाडाच मोठा शे आणि आते दबेल शे. मी देस नही तिले."

दावीदचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"त्या दिन तू दिधी. आज का बरं नही देस?"

मोतीलालने खांबाच्या सायकलीकडे पाहिलं.

"कागदमा लिखेल शे," दावीद म्हणाला, "पोर बुटकी व्हती म्हणीसन पडनी. माले वाची दाखाडं. तूच सांगं म्हणे."

"मी तसं नही सांगं."

"सही तुन्ही शे?"

"मन्हीच शे." मोतीलालची मान खाली गेली. "दोन्ही कागदस्वर मन्ही सही शे. मन्हा हात धरीसन कोणी लई नही. पहिला दिनच माले माहीत व्हतं. तिन्हा पाय पोचत नव्हता, हात पोचत नव्हता. ती माले सांगे उनी व्हती, हँडल थरथरस म्हणीसन. तरी मी दिधी."

रस्त्यावरून सुरतेकडे जाणारी कोंबड्यांची गाडी गेली. प्रिस्किला एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती.

"सोमवारले मी नवापूरहून वीस इंची लई येस," मोतीलाल म्हणाला. "तिन्हा मापनी. तू फक्त हो म्हण, दावीद. मी पाया पडस तुन्हा."

तो खरंच वाकला. दावीदने पाय मागे घेतले आणि तो उठून उभा राहिला.

"माले तुन्हं काही नको." त्याने खांबाची सायकल ओढून घेतली. "एक पोर दिधी, एक सायकल लिधी, असं लोके म्हणतीन. ही मन्ही एस्तेरनी शे. घरमा ऱ्हाई."

"तिले बसू देजो नको, दावीद. इतलं आइक. शिव्या दे, पण इतलं आइक."

दावीद सायकल ढकलत उंबरपाड्याच्या रस्त्याला लागला. प्रिस्किला मागे मागे. मोतीलाल अंतर ठेवून त्यांच्यामागून गेला, फरशीच्या चढापर्यंत. दावीदने एकदा मागे वळून पाहिलं, पण हाकललं नाही. पुलावर पोचल्यावर तो थोडा थांबला, मग सायकल हाताने धरूनच चढाला लागला. चढ संपला, पलीकडे सपाट रस्ता होता. तरी त्याने पोरीला बसवलं नाही.

सोमवारी शाळा उघडली. मोतीलालने सकाळी सहालाच दुकान उघडलं. त्या दिवशी प्रिस्किला आली नाही. मंगळवारी आली नाही. जसोदाबाई डबा घेऊन आली, तेव्हा तो रस्त्याकडे तोंड करून बसला होता. "जेवी ल्या," ती म्हणाली. तो जेवला नाही. बुधवारी सायकलवाल्या पोरींची रांग गेली, तीही पूर्वीपेक्षा लहान. तिच्यात प्रिस्किला नव्हती. बापाने तिला शेतात नेलं असेल, नाहीतर उसाला न्यायचं ठरवलं असेल. मोतीलालच्या मनात नको नको ते येत होतं. नाही म्हणून आपण एका पोरीचा जीव वाचवला, की तिची शाळा बुडवली, हे त्याला ठरवता येत नव्हतं. विचारायला कुणाकडे जायचं, हेही कळत नव्हतं.

गुरुवारी साडेनऊला ती दिसली. एकटी, पायी. सायकलींची रांग कधीच पुढे गेली होती. सात किलोमीटरची धूळ पोटरीपर्यंत चढली होती, चपला हातात होत्या, दप्तर एस्तेरचंच होतं आणि तिच्या पाठीवर कमरेच्या खाली लोंबत होतं. शाळेची घंटा होऊन गेली होती, ते तिला माहीत असावं, कारण ती अर्धी चालत, अर्धी पळत होती. दुकानाजवळ आल्यावर तिने रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेने निघाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मोतीलालने हाक मारली नाही. तो उठून उभा राहिला. समोर बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "काय व्हयनं, मिस्तरी?" पण त्याने ऐकलं नाही. ती शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत तो तसाच, हात दोन्ही बाजूंना सोडून उभा होता.